ब्राऊन राइसवरचा बेचवपणाचा आरोप

आमच्या धानपट्ट्यातल्या वॉट्सॲप गटांवर सध्या एक सल्ला फिरतो आहे: ब्राऊन राइसला मुळात चवच नसते, म्हणून तो, सत्त्व पाण्यात उतरू नये यासाठी न भिजवता, मसाला-क्यूबच्या पाण्यात भरपूर शिट्ट्या करून शिजवावा, आणि फोडणी टाळावी, नाहीतर पथ्य मोडते. भंडारा-गोंदियाकडच्या माणसांनीही तो पुढे पाठवावा, याचे नवल वाटते.

धानाचे नुसते तूस काढले की जो तांदूळ उरतो, तोच ब्राऊन राइस. पॉलिश करताना वजनाने सुमारे 8 ते 10 टक्के भाग कोंडा आणि अंकुर म्हणून निघून जातो, आणि तांदळातले बहुतेक तेल व खमंगपणा त्यातच असतो. मात्र तूस निघताच कोंड्यातले विकर (एन्झाइम) त्या तेलावर काम करू लागते, आणि आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेला असा तांदूळ लवकर खवटतो. बेचव म्हणून ज्याची तक्रार होते, तो माझ्या मते बहुतेकदा असा जुना माल असतो. मूठभर दाणे तळहातांवर चोळून हुंगावेत. जुन्या तेलाचा वास आला, तर कोणताही मसाला तो झाकणार नाही. म्हणून धान तुसासकट कोठीत ठेवावे आणि महिन्यापुरतेच भरडून आणावे. पॉलिश नको, हे गिरणीवर दोनदा बजावावे, कारण सवयीचा हात तिकडे वळतोच. वाणही पाहावा: नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेल्या एचएमटीचा बारीक दाणा बिनपॉलिशचाही मऊ लागतो.

भिजवल्याने सत्त्व पाण्यात उतरते, हे काही अंशी खरे आहे. पण धुऊन भिजवलेला तांदूळ त्याच पाण्यात शिजवला की प्रश्न मिटतो. कोंड्याच्या थरातून पाणी सावकाश आत शिरते, त्यामुळे चार-पाच तास द्यावेतच. नुसत्या शिट्ट्या वाढवल्या, तर दाणा बाहेरून फुटतो. त्याऐवजी भिजवण्याआधी तांदूळ कोरडाच कढईत वास सुटेपर्यंत भाजावा, मग वाटीला सव्वादोन वाट्या पाण्याच्या हिशेबाने जाड बुडाच्या गंजात झाकून, मंद आचेवर 35 ते 40 मिनिटे शिजवावा आणि उतरवल्यावर 10 मिनिटे झाकण उघडू नये.

मसाला-क्यूबमध्ये बराचसा भाग मीठच असतो. ते घरात आहेच.

राहिली फोडणी. आपल्या गोळाभातात भरड चणाडाळीचे गोळे भातातच वाफवतात आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची कडकडीत फोडणी घेतात. ब्राऊन राइसला हा जोड फार छान बसतो, कारण त्याचा दाणा तेल पिऊन चिकट होत नाही. पथ्याची काळजी असेल तर चार जणांत दोन चमचे तेल पुरते: गरम भातात पळीने खळगा करावा, फोडणी त्यात ओतावी, आणि वर चिरलेला सांबार (कोथिंबीर) घालून लगेच वाढावे.