सायकल कशाला चालवली, पैसे थेट द्यायचे ना?

कर्करोग झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी निधी जमवायची आमची सायकल राइड पूर्ण झाली. सगळे सुखरूप पोचलो, मधे कुणीही सायकल गाडीत टाकली नाही, आणि निधीचा जो आकडा ठरवला होता तोही गाठला. पैसे देणाऱ्यांचे आणि रोज रात्री मेसेज करून "आज कुठे मुक्काम?" विचारणाऱ्यांचे मनापासून आभार. माझ्या करंगळ्या अजून बधिर आहेत (तासन् तास हँडलवर भार पडला की तळव्यातली नस दाबली जाते, हळूहळू उतरतं), म्हणून ही पोस्ट जरा उशिरा.

निघायच्या आधी बऱ्याच जणांनी एक प्रश्न विचारला आणि परत आल्यावरही तो आलाच. एवढा खटाटोप कशाला? मुक्काम, सुट्ट्या, सायकलींची दुरुस्ती यात जे घातलंत ते सरळ संस्थेला दिलं असतं तर?

मला हा प्रश्न रास्त वाटतो. देणगी म्हणून आलेल्या पैशांतून कुणाची सहल होत असेल तर लोकांनी चिडायलाच हवं. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं, राइडचा सगळा खर्च आपापल्या खिशातून. देणगी आमच्या कुणाच्या खात्यात आलीच नाही, ती थेट संस्थेकडे गेली आणि पावतीही तिथूनच मिळाली. अमेरिकेत १९८० पासून 'पॅन-मास चॅलेंज' ही सायकल राइड होते. तिथे सायकलस्वारांनी जमवलेली सगळी रक्कम कर्करोग संस्थेला जाते, आयोजनाचा खर्च प्रवेश शुल्क आणि प्रायोजकांकडून भागतो. ज्या राइडमध्ये हे स्पष्ट सांगितलेलं नाही, तिथे देणगी देऊ नका असंच मी म्हणेन.

पण "थेट द्यायचे ना" म्हणताना एक गोष्ट सुटते. आमचा खर्च आम्ही देऊन टाकला असता तर तेवढेच पैसे गेले असते. जमले त्याच्या कितीतरी पट. ऑलिव्होला आणि शफीर या दोन संशोधकांचा २०१३ चा एक अभ्यास आहे. देणगीसाठी कष्ट, वेदना सोसाव्या लागणार असतील तर लोक जास्त द्यायला तयार होतात, असं त्यांना आढळलं. मला वाटतं, यात नुसत्या वेदनेचा भाग नाही. एरवी कुणाकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. सायकल घेऊन निघालोय म्हटलं की समोरचा आपणहून विचारतो, कशासाठी? आणि मग सांगता येतं.

काय सांगत होतो, तेही लिहिते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे, त्याचे उपचार साधारण दोन-तीन वर्षं चालतात. त्यातला बराच काळ अनेकदा आईवडिलांपैकी एकाला काम सोडून रुग्णालयाजवळ राहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. औषध असूनही उपचार अर्धवट सुटणं, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. आमचा निधी याच कुटुंबांच्या राहण्या-जाण्यासाठी आहे. हे ऐकून आमच्या ऑफिसमधले एक गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "माझ्या पुतणीचं असंच झालं होतं." इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो आम्ही. त्यांनी किती दिले ते मी बघितलंही नाही.

आता मित्रमैत्रिणींबद्दल. शेवटाकडे एक अख्खा दिवस समोरून वारा होता. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (वेग दुप्पट तर रोध चौपट), त्यामुळे समोरच्या वाऱ्यात सपाट रस्तासुद्धा चढासारखा अंगावर येतो. त्यातच आमच्यातल्या एका मैत्रिणीचा गुडघा दुखायला लागला. ती म्हणत होती, तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून. कुणीही ऐकलं नाही. तिला मधे घेतलं, बाकीचे आळीपाळीने पुढे राहिलो. पुढच्याच्या चाकामागे नीट चिकटून चाललं की वारा पुष्कळ कमी लागतो, पण पुढचा लवकर थकतो, म्हणून काही मिनिटांनी त्याने बाजूला होऊन मागे जायचं. दिवसभर बोलणं जवळजवळ नव्हतंच. "खड्डा", "गाडी मागून", "पाणी पी", एवढंच. आमच्यातला सगळ्यात वेगवान मित्र त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ वाऱ्यात होता. वेग तिचा, वारा आमचा.

धर्मादाय राइडमध्ये कोण आधी पोचलं याला काहीच किंमत नसावी, असं माझं ठाम मत आहे. वेळ नोंदवायची हौस असेल तर स्पर्धा आहेत की. लोकांनी आम्हा सगळ्यांवर भरवसा ठेवून पैसे दिले होते. शेवटच्या वळणावर सगळे थांबलो आणि एका ओळीत आत शिरलो.

निधीची लिंक महिनाअखेरपर्यंत सुरू आहे, पहिल्या कमेंटमध्ये दिली आहे. ती बंद झाली की एकूण रक्कम आणि संस्थेचं पत्र इथेच टाकेन. त्यानंतर किती कुटुंबांची सोय झाली हेही संस्थेला विचारून कळवेन. मी विसरले तर हक्काने आठवण करा.