एकास छप्पन्न

वाकडं घर बांधायला सरळ घरापेक्षा जास्त अक्कल लागते. भिंत ओळंब्यात कशी आणायची हे गवंड्यांच्या कैक पिढ्यांनी ठरवून ठेवलंय. ती ओळंब्यातून नेमकी किती घालवली म्हणजे घर जुनं वाटेल पण पडकं वाटणार नाही, हे कुणी सांगत नाही. आणि असलं घर पुण्यात बांधायला घेतलं, की ते वाकडं राहू न देणारी माणसं आपल्याच घरातून निघतात.

घर म्हणजे जेवणाच्या टेबलावर मावणारी एक सराई. दुमजली, उतरत्या छपराची, कुठल्याशा काल्पनिक राज्यातल्या हमरस्त्यावरची. ती लागते वॉरगेमिंगसाठी. दोन माणसं सहा बाय चारच्या टेबलावर समोरासमोर आपापली रंगवलेली फौज मांडतात, टेपने इंच मोजून ती पुढे सरकवतात आणि कोण मेलं ते फाशांवर ठरवतात. माझ्याकडे दाढीवाले बुटके आहेत, समोरच्या मित्राकडे हिरव्या कातडीचे ऑर्क नावाचे राक्षस. मोकळ्या टेबलावर या खेळात मजा नाही, कारण तिरंदाज पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्यांना टिपून मोकळे होतात. आडोसा हवा. तयार घरं विलायतेहून मागवता येतात, पण कस्टम ड्युटीसकट त्यांची किंमत बघितली तेव्हा लक्षात आलं, की तेवढ्यात मी सहकुटुंब कोकणात खऱ्याखुऱ्या घरात राहून येईन.

हा पोरखेळ नाही हे पटवायला मी घरी इतिहास सांगून पाहिला. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून लढाया खेळत. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले.

"आणि १९१४ ला खरं महायुद्ध झालं," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "झालं समाधान?"

सामानासाठी अप्पा बळवंत चौकात गेलो. सुट्टी होती म्हणून चिरंजीव बरोबर.

"पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड आहे का?"

"कितवीला?" दुकानदारांनी वर न बघता विचारलं.

"मुलगा आठवीला आहे. पण हे त्याचं नाही, माझं आहे."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग बराच वेळ मुलाकडे. "मग याला कशाला उन्हातान्हाचं आणलंत?"

थर्माकोल विचारायची सोय नव्हती. २०१८ च्या बंदीपासून गणपतीच्या मखरांतूनही तो हद्दपार झालाय. तसा तो या कामाला वाईटच. कापला की गोळ्या सुटतात, आणि त्या केरसुणीला चुकवत पुढच्या दिवाळीपर्यंत घरात नांदतात. शिवाय त्यावर स्प्रेचा रंग मारायची सोय नाही, त्यातलं द्रावण थर्माकोल खातं. एका मित्राने हौसेने बुरुजावर काळा स्प्रे मारला आणि चहा घेऊन येईपर्यंत बुरुजाचा खड्डा झाला होता. त्यापेक्षा गच्चीवर उष्णतारोधक म्हणून घालतात तो दाट फोम उत्तम. कटरने सरळ कापता येतो, त्यावर बॉलपेनने रेघा ओढल्या की दगडी बांधकाम तयार. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून दाबला की दगडाला खडबडीतपणाही येतो. त्या आठवड्यात मुलाच्या डब्यातल्या पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून गेल्या, त्याची चर्चा इथे नको.

खांब-तुळयांना कॉफी ढवळायच्या काड्या, छपराला कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याची नखाएवढी कौलं. कौलं एकेक कापायची, एकेक चिकटवायची, खालच्या ओळीपासून वर, आणि मुद्दाम थोडी तिरकी. फेव्हिकॉल सुकेपर्यंत बोटाने दाबून धरायचं. हे करताना दार वाजतं, फोन वाजतो, कुकरही वाजतो.

इथवर ठीक होतं. मग अण्णांनी चष्मा लावला.

अण्णा म्हणजे माझे वडील, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. म्हणजे खात्याने त्यांना निवृत्त केलं, त्यांनी खात्याला केलं नाही. रस्त्याने जाताना ते आजही दुसऱ्यांच्या स्लॅबखालचे टेकू मोजतात. त्यांनी टेबलाभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "हे पडेल."

"अण्णा, ते पडायला आल्यासारखंच दिसायला हवंय."

"मग पडल्यावर दाखव."

"आढं मध्ये खाली झुकलंय ना, ते मी मुद्दाम झुकवलंय."

"मुद्दाम?" अण्णांना धक्काच बसला. "आम्ही आयुष्यभर ते मुद्दाम नाही म्हणून खुलासे लिहिले."

त्यांना राजी करावं म्हणून मी जुन्या युरोपी घरांची रचना सांगितली. भार सगळा लाकडी सांगाड्यावर, मधल्या चौकटींत काटक्यांचं विणकाम आणि त्यावर माती लिंपलेली. अण्णा जरा खुलले. "म्हणजे कूडच की. आणि सांगाडा वाड्याचा. फरक इतकाच, आपण लाकूड गिलाव्यात झाकलं, त्यांनी उघडं ठेवलं." मग त्यांची नजर वरच्या मजल्यावर गेली. तो खालच्या मजल्यापेक्षा रस्त्याच्या बाजूला पुढे आलेला असतो, तिकडची पद्धतच तशी. "खाली रस्त्याला जागा सोडली नाही आणि वर रस्त्यावर आले," अण्णा म्हणाले. "पेठेतच बांधलंय."

खरी पंचाईत मापावरून झाली. आमची माणसं अठ्ठावीस मिलिमीटरची, तळव्यापासून डोळ्यांपर्यंत. साधारण एकास छप्पन्न हे प्रमाण. हे ऐकल्याबरोबर अण्णांनी कॅल्क्युलेटर काढला. उंची जमली. मग त्यांनी एका बुटक्याला उचलून त्याच्या पायाखालची गोल चकती मोजली. ती पंचवीस मिलिमीटरची असते, नाहीतर माणूस उभाच राहणार नाही.

"पंचवीस गुणिले छप्पन्न, एक पूर्णांक चार मीटर. म्हणजे हा मनुष्य साडेचार फुटांचं जातं पायाला बांधून हिंडतो?"

"तसं धरायचं नसतं."

"बरं. दार तू सोळा मिलिमीटरचं ठेवलंयस. मापाने बरोबर आहे, तीन फूट. मग हा आत कसा जाणार? चकती बाहेर काढून ठेवतो का, चपलेसारखी?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही वॉरगेमरकडे उत्तर नाही. दार मापात ठेवलं तर माणूस आत जात नाही, माणूस जाईल एवढं दार केलं तर ते शनिवारवाड्याचं दिसतं. जिन्याचंही तेच. एकास छप्पन्नात पायरी तीन मिलिमीटर उंच आणि पाचेक मिलिमीटर रुंद येते, तिच्यावर चकती ठरत नाही. सगळे जण जिना शोभेला ठेवतात, छप्पर उचलतात आणि माणूस हाताने वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतात. मी हे सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांच्या नोकरीत मंजुरी नाकारायची ही सर्वांत कडक पद्धत होती.

सकाळी उठून बघतो तर आढं सरळ. फूटपट्टी ठेवावी असं सरळ. आतून बांबूची पट्टी टाकून, दोरा ताणून अण्णांनी रात्रीत दुरुस्ती केली होती आणि तुळईवर पेन्सिलने बारीक सही. मी पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, जाड होऊन. अखेर वाटाघाटी झाल्या. अण्णांचं म्हणणं, झुकायला हरकत नाही, पण कारण हवं. विनाकारण झुकलेलं ते सहन करणार नाहीत. मी विचारलं, कारण काय दाखवू? "वाळवी," ते म्हणाले. मग आम्ही बापलेकांनी एक अख्खी दुपार टाचणीने तुळयांना भोकं पाडली. कारणासहित दोष मंजूर झाला. अण्णांची सही अजून आत आहे, ती मी रंगवलेली नाही.

रंगाचं काम आईला पटलं नाही. आधी सगळं काळं करायचं, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग नुसता कडांवर घासायचा, मग पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग ओतून खाचांत मळ साठवायचा. घर यानेच खरं वाटायला लागतं. आईचा सवाल, "आपल्याकडे दिवाळीआधी जे काढतात, ते तू ब्रशने भरतोयस का?" तिला त्या घराची दुसरीच काळजी होती. सराई आहे, म्हणजे माणसं जेवणार, आणि आत एक भांडं नाही. तिने तुळशीबागेतून आणलेली जुनी पितळी भातुकली काढली आणि अर्ध्या इंचाचा तांब्या आत ठेवला. आमच्या मापात तो दोन फुटांहून मोठा. मी तो चुलीवर रश्श्याचा हंडा म्हणून बसवला आणि खरं सांगतो, अख्ख्या सराईत तीच वस्तू सर्वांत झकास दिसते.

गवतासाठी मी नायलॉनचे दोन मिलिमीटरचे तंतू आणले होते. आई म्हणाली, "अळीव असताना विकतचं गवत?" दिवाळीच्या किल्ल्यावर टाकतात तसे तिने एका ताटलीत मातीवर अळीव टाकले. चार-पाच दिवसांत ते पाच सेंटीमीटर झाले. अण्णांनी गुणाकार करून जाहीर केलं, नऊ फूट. सराईच्या उत्तरेला घनदाट अरण्य आपोआप तयार झालं.

शेजारचे काका डोकावून म्हणाले, "मे महिन्यात किल्ला?" आणि उत्तराची वाट न बघता माळ्यावरून एक मातीचा मावळा घेऊन आले. आमच्या मापाने अठरा फुटी. नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्याला चौकात पुतळा म्हणून उभा केला.

रविवारी मित्र ऑर्क घेऊन आला. सराई बघून "भारी" म्हणाला आणि नियमांचं पुस्तक उघडलं. एवढ्या सगळ्याची तिथे एक ओळ आहे, इमारत म्हणजे पक्का आडोसा. बुटाचं खोकं पालथं ठेवलं असतं तरी हीच ओळ लागली असती. तिसऱ्या फेरीत त्याचा सरदार सराईत शिरायला निघाला, पन्नास मिलिमीटरच्या चकतीसकट.

"थांबा," अण्णा खुर्ची ओढून बसले होते. "दोन पूर्णांक आठ मीटर. दार तीन फूट."

"काका, नियमात दाराची रुंदी धरत नाहीत."

"म्हणून तर चेंगराचेंगरी होते."

प्रशियात १८७६ च्या सुमारास जाडजूड नियम बाजूला सारून पंचाच्या अनुभवावर निकाल द्यायची पद्धत निघाली होती. हे मी अण्णांना कधी बोललो नव्हतो, पण सरदार बाहेरच राहिला. बाहेर राहिला म्हणून अरण्यात घुसला. एवढ्यात आई स्प्रेची बाटली घेऊन आली आणि अळिवावर पाणी मारायला लागली.

"पाऊस," अण्णांनी निकाल दिला. "चाल निम्मी. धनुष्याच्या दोऱ्या ओल्या, बाण बंद."

मित्राने ओल्या ऑर्कांकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि आईला विचारलं, "काकू, हा पाऊस किती वेळ आहे?"

"माती भिजेपर्यंत," आई म्हणाली. "पोहे टाकू का तोवर?"