खुलासा : थर्मोस्टॅट काढून पिकअपचं तापणं थांबत नाही
‘मुंबईच्या उकाड्यात थर्मोस्टॅट कशाला? काढून फेका, गाडी तापणारच नाही,’ असा मेसेज पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह. बहुतेक गाड्यांत तो 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडायला लागतो. त्याचा संबंध कूलंटच्या तापमानाशी, बाहेरच्या उकाड्याशी नाही. तो काढला की इंजिन उशिरा गरम होतं, डिझेल जास्त पितं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. शंका असेल तर सुटा करून पाण्याच्या पातेल्यात टाका नि गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या आत व्हॉल्व्ह सरकला नाही, तर नवा बसवा. फार महाग नसतो.

आधी गाडी कधी तापते ते बघा. सायनच्या ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि फ्रीवेवर उतरतो? मग फॅन, त्याचा क्लच, बेल्ट तपासा. भरल्या गाडीने चढावर तापते? तर रेडिएटर चोंदल्याचा संशय पहिला. जाळीत धूळ-चिखल बसलेला असतो. इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पाइप जवळून मारला की पात्या वाकतात, आणि हे सर्रास चालतं! रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप बदला, प्रेशर धरलं नाही की कूलंट लवकर उकळतं. मात्र गरम इंजिनावर ती कॅप उघडायची नाही, फडकं धरूनही नाही.