लेझीम सोडून हे कशाला? निपाणीच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मुलींच्या चिअरलीडिंगच्या, म्हणजे एका सुरात घोषणा, हातांच्या हालचाली आणि एकमेकींच्या आधाराने वर चढायच्या कसरती यांच्या सरावाबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुम्ही लिहिलंय, "तीस वर्षं पोरांना लेझीम शिकवली. आपल्याकडे लेझीम आहे, मल्लखांब आहे. ते टाकून आयपीएलमधल्या नाचणाऱ्या बायकांचं सोंग पोरींना कशाला? यात खेळ कुठला? उद्या वरून पडून कुणाचा हात मोडला तर जबाबदार कोण?" दोन ओळींत उत्तर देऊन भागलं असतं, पण तुम्ही काळजीने लिहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आयपीएलचं म्हणाल तर आपल्याकडे बहुतेकांनी चिअरलीडर पहिल्यांदा पाहिल्या त्या २००८ साली, टीव्हीवर, सीमारेषेजवळच्या मंचावर. त्यामुळे मनात तेच चित्र बसलं, त्यात तुमची चूक नाही. पण या प्रकाराची सुरुवात नाचातून झालेली नाही, आरोळीतून झाली. २ नोव्हेंबर १८९८ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ अडचणीत होता, तेव्हा जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी गर्दीपुढे उभा राहिला आणि सगळ्यांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेतल्या. सुरुवातीची पंचवीसेक वर्षं तिथे मुलगेच हे काम करायचे. त्याच विद्यापीठात १९२३ मध्ये मुली आल्या. पुढे कसरती आल्या, स्पर्धा आल्या, आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली.

आता "यात खेळ कुठला" हे. आमच्या पहिल्या महिन्यात एकही मुलगी उचलली गेली नाही, नाचलीही नाही. फक्त मुठी. अंगठा मुठीच्या बाहेर, बोटांवर टेकलेला. मनगट कोपरापासून सरळ रेषेत. नवीन मुलीचं मनगट हटकून आत वळतं, आणि लांबून बघणाऱ्याला हात मोडल्यासारखा दिसतो. मग दोन्ही हात वर तिरके, इंग्रजी व्हीसारखे, पण खांद्याच्या किंचित पुढे, म्हणजे मान न वळवता डोळ्याच्या कडेला स्वतःच्या मुठी दिसल्या पाहिजेत. मग हात आडवे खांद्याच्या रेषेत, मग कानाला लागून सरळ वर. एका जागेवरून दुसऱ्या जागी हात जवळच्या वाटेने जायचा आणि पोचला की तिथेच थांबायचा, हेलकावा चालत नाही. तुम्ही "होशियार" म्हटल्यावर पोरांची लेझीम जशी जागच्या जागी थांबते, तसंच. तुमच्या हाताखालचा मुलगा हे दोन दिवसांत शिकेल, कारण पायाचं काम त्याचं आधीच झालेलं असतं. म्हणून लेझीम टाकून हे, असं मी कधी म्हटलंच नाही.

आठाच्या मोजणीवर सगळं चालतं. पाच-सहा-सात-आठ म्हणून सुरुवात करून द्यायची, एकला पहिली हालचाल. आमच्यात निम्म्या मुली घरी कन्नड बोलणाऱ्या. एकदा मराठीत मोजलं की "सहा" जरा लांबायचं आणि मागची रांग अर्धा ठोका उशिरा यायची, कारण बाकीचे आकडे एका झटक्यात संपतात आणि सहाला दोन अक्षरं पडतात. मग एका मुलीने मोजायला घेतलं: ऐदु, आरु, एळु, एंटु. चारही आकडे दोन-दोन अक्षरांचे. पहिल्याच फेरीत रांग जुळली! तेव्हापासून सुरुवात कन्नडमधून होते, घोषणा मराठीत आणि कन्नडमध्ये आलटून पालटून. आपल्या सीमाभागात मराठी-कन्नडवरून काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि आवाज. घरात ज्या मुलींना "हळू बोल" ऐकत वाढवलं, त्यांना मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असं ओरडायला सांगते. घशातून नाही, पोटातून. पहिले आठ दिवस त्या तोंडावर हात धरून हसतात. नवव्या दिवशी एकीचा आवाज निघतो आणि तिची तीच दचकते. त्या क्षणासाठी मी रोज पाच वाजता मैदानावर जाते, सर.

पडण्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे. गेल्या वर्षी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात आयोजकांच्या आग्रहाला मी बळी पडले आणि तयारी नसताना एका मुलीला दोघींच्या मांड्यांवर उभं केलं. खाली लाकडी मंच, चटईसुद्धा नाही. गुडघा ताठ धरायचा राहिला आणि ती मागे कलली. मागे उभ्या असलेल्या मुलीने कमरेला धरलं म्हणून निभावलं. ती रात्र मला झोप लागली नाही. वर चढणारीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खरी जबाबदारी त्या मागच्या मुलीची. तिची नजर एक क्षणही वरच्या मुलीवरून हटायची नाही. खालच्या दोघींनी पाठ न वाकवता पायाच्या ताकदीने उचलायचं, आणि वरची घाबरली तरी उडी न मारता सांगितल्याप्रमाणेच उतरायचं. हे रोज जमिनीवर घोटल्याशिवाय आता वर कुणी चढणार नाही, आयोजक कितीही मोठा असो.

ज्यांना उचलाउचली नकोच, त्यांच्यासाठी चिअरडान्स आहे. हातात पॉम-पॉम म्हणजे झिरमिळ्यांचे गोंडे, उड्या, गिरक्या, लाथा, आणि सगळ्यांचे हात एकाच क्षणी एकाच उंचीवर. फिलिपिन्समध्ये विद्यापीठांची चिअरडान्स स्पर्धा १९९४ पासून भरते आणि बास्केटबॉलइतकीच गर्दी खेचते. आमच्या दहा मुली त्याच गटात आहेत. कपडे म्हणाल तर ट्रॅकपँट आणि शाळेचा टी-शर्ट, तो प्रश्न तेवढ्यावर संपला.

गावच्या तालमीची कुस्तीची मॅट रविवारी सकाळी सात ते नऊ आम्हाला मिळाली आहे. मांडीवर उभं राहण्याचा सराव आम्ही त्या मॅटवर नव्याने सुरू करतोय, आणि मागे उभं राहणाऱ्या मुलींना पवित्रा शिकवायला मला तुमच्यासारखं माणूस हवंय. निपाणीहून पहाटेची गाडी धरली तर वेळेत पोचाल. चहा-नाश्ता माझ्याकडे. शिट्टी तेवढी घेऊन या.