नाशकात फिरायला आहे काय?

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्या दहावीच्या ग्रुपवर एका मित्रानं लिहिलं, "पोरांना घेऊन जायचं कुठे? नाशकात आहे काय? मॉल नाहीतर मिसळ. तुम्ही लोक सुटलात बाबा." खाली अंगठ्यांची रांग लागली. अंगठ्यांचं काही नाही, पण ते 'तुम्ही लोक' झोंबलं. ज्याच्या प्रयोगवहीत बेडकाची पचनसंस्था मी काढून दिली, त्यानं मला 'तुम्ही लोक' म्हणावं? मी तिथल्या तिथे लांबलचक उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं. तेव्हापासून भांडी घासताना, बसची वाट बघताना, धाकटीची वेणी घालताना ते उत्तर डोक्यात वाढतंच आहे.

त्याच रविवारी आम्ही काय केलं ते सांगते. इथे इंग्लंडात, रेडिंगला पाऊस होता, म्हणजे नेहमीचा रविवार होता. दोन्ही मुलांनी वेलीज, म्हणजे रबरी गमबूट, चढवले, मी डब्यात कालची थालीपिठं भरली आणि चालत निघालो. बागेतल्या झाडांखाली कॉंकर, म्हणजे हॉर्स चेस्टनटच्या चकचकीत बिया, वेचल्या. थोरल्याच्या 41, धाकटीच्या 26, आणि त्यावरून मारामारी. मग फोर्बरी गार्डन्समधल्या सिंहाला प्रदक्षिणा. हा सिंह 1880 सालच्या मैवंदच्या लढाईत अफगाणिस्तानात पडलेल्या बर्कशायरच्या सैनिकांचा. त्या लढाईत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. त्यांची नावं सिंहाखाली नाहीत, हे मी मुलांना दर वेळी सांगते आणि ती दर वेळी "माहितीये आई" म्हणतात. तिथून नदीकाठानं केनेट जिथे थेम्सला मिळते तिथपर्यंत. पुलावरून काड्या टाकायच्या आणि कुणाची पुढे जाते ते बघायचं. घरी आल्यावर मोजे पिळले. खर्च शून्य पौंड.

मित्राला मी हेच लिहिणार होते. बाबा रे, आमच्याकडे बाहेर पडायला काही 'असावं' लागत नाही, बूट असले की झालं. (आमच्याकडे! बघा, हात आपोआप काय लिहून गेला.) तुमचं फिरणं म्हणजे आधी गाडी धुवायची, मग तीन घरी फोन, मग द्राक्षमळ्यातल्या मिसळीसाठी पाऊण तास नंबर लावून बसायचं, पोरं झोपाळ्यावर, बाप फोनवर, आणि शेवटी तर्रीचे फोटो. आणि वर विचारता, आहे काय? रेडिंगमध्ये 1121 साली बांधलेल्या मठाच्या चार पडक्या भिंती आहेत. कौन्सिलनं त्या जपल्यात, फलक लावलेत, शाळांच्या सहली येतात. आमची पांडवलेणी त्याच्याही हजारएक वर्षं आधीची, 24 लेणी, आणि पायथ्याशी हायवे. बसनं जाता येतं! शिवाय सोमेश्वर आहे, गंगापूर धरण आहे, रामशेज आहे, अंजनेरी आहे. ऑक्टोबरात पाऊस उघडतो, आभाळ घासलेल्या पितळेसारखं होतं, डोंगर अजून हिरवे असतात. याहून काय पाहिजे?

इथवर उत्तर झकास जमलं होतं.

आम्हा भावंडांना फिरवायचे ते आमचे वडील. सातपूरला कंपनीत होते. रविवारी चेतकवर भाऊ पुढे उभा, मी मागे, आणि आम्ही तपोवनात. कपिला जिथे गोदावरीला मिळते तिथे खडकांवर बसून उकडलेल्या शेंगा खायच्या. वडील दर वेळी लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापल्याची गोष्ट सांगायचे आणि आम्ही दर वेळी "माहितीये बाबा" म्हणायचो. मोठाल्या झाडांखाली लपाछपी. तिकीट नाही, रांग नाही. म्हणजे बूट असले की झालं ही अक्कल मी विलायतेत शिकले नाही, फुकटात नाशकातच शिकले होते. इथे फक्त तिच्यावर पाऊस पडला.

परवा हे सगळं नवऱ्याला रंगवून सांगत होते. तो पुण्याचा आहे, त्यामुळे नाशकात फिरायला काय आहे हा प्रश्न त्यालाही पडतो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आई कुठे असायच्या?"

चेतकवर चौथी जागा होती. आई बसायची नाही, कारण रविवारी चादरी धुवायच्या असत, दळण असे, आणि आम्ही परत येऊ तेव्हा वरणभात तयार हवा असे. तिचं बाहेर पडणं वर्षातून दोनदा, तेही याच दिवसांत. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत बांगड्या भरायला आणि कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटवायला. गच्ची म्हणजे बाहेर पडणं असेल तर. फुकटच्या रविवारचं बिल कोण भरत होतं हे मला चाळिशीत, रेडिंगच्या स्वयंपाकघरात कळलं. मित्राला लिहिलेल्या उत्तरात ही गोष्ट मी घातली नव्हती. आता घातली.

म्हणून असेल कदाचित, पण शरद ऋतू आला की मी फ्रिजवर माझी स्वतःची यादी लावते. नव्या वर्षाचे संकल्प मला जमत नाहीत. जानेवारीत इथे माणूस उठतो हेच खूप. सप्टेंबरात शाळा सुरू होतात, सगळ्यांना नव्या वह्या मिळतात, मग मीही एक कागद घेते. यंदाचा असा होता: न थांबता 5 किलोमीटर धावणे, घड्याळं मागे जायच्या आत (ऑक्टोबर संपताना इथे सगळी घड्याळं तासभर मागे करतात). पोहायला शिकणे. थोरल्याची बाराखडी. चकली, न तुटणारी. आणि शेवटी नुसतंच 'फॉर्म'.

धावणं जमलं. नऊ आठवड्यांचा कार्यक्रम मला सोळा आठवडे पुरला, पण 25 ऑक्टोबरच्या शनिवारी नऊच्या पार्करनला, म्हणजे दर शनिवारच्या 5 किलोमीटरच्या फुकट धावेला, मी न थांबता पूर्ण धावले आणि दुसऱ्या दिवशी घड्याळं मागे गेली. शेवटून अकरावी आले. बारकोड स्कॅन करणाऱ्या आजींनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी म्हटलं, नाशिक. कविता राऊत आमच्या जिल्ह्यातली, सावरपाड्याची, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्यपदक. आजी म्हणाल्या, "लव्हली." मी जणू कविताच्याच पाठोपाठ शेवटून अकरावी आले होते.

मित्राला हेही ऐकवायचं होतं: तुझी बायको धावते का? तिला शनिवारी सकाळी एक तास कुणी देतं का? नाही ऐकवलं ते बरं झालं. त्याची बायको चार वर्षांपासून गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे साडेपाचला असते आणि अर्धमॅरेथॉन धावते, हे मला तिच्या फोटोंवरून नंतर कळलं. आम्ही परदेशी लोक ज्या नाशकाशी भांडतो ते नाशिक बरेचदा आम्ही सोडलं त्या सालातच उभं असतं.

चकली तुटली. पोहणं पुढच्या वर्षी.

बाराखडीवरून आठवलं, धाकटीला शाळेतून कागद आला: तुमच्या घरच्या भाषेत 'ऑटम' लिहून आणा. मी ऐटीत 'शरद' लिहून दिलं. ती म्हणाली, शरदात पानं पडतात ना? मी म्हटलं, नाही गं, शरदात चांदणं पडतं. पानं गळतात ती शिशिरात. मग ऑटमला काय म्हणतात? मला सांगता येईना. दिंडोरीला मामाच्या द्राक्षमळ्यात या दिवसांत गोडी छाटणी चालायची. छाटणीनंतर आठ-पंधरा दिवसांत वेलीला कोवळी फूट यायची आणि मामा रात्री-बेरात्री उठून पावसाचा अंदाज घ्यायचा. माझ्या डोक्यातला ऑक्टोबर म्हणजे फुटणारी पानं, तिच्या डोक्यातला म्हणजे पडणारी. शेवटी तिनं 'पानगळ' लिहून नेलं आणि बाईंनी शाबासकीचं स्टिकर दिलं.

दिवाळीला का नाही आलीस, असं दर वर्षी विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब. यंदा, म्हणजे 2025 ला, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, हाफ टर्म, म्हणजे शाळेची सत्रामधली सुट्टी, 27 पासून. शाळा बुडवून आठवडाभर आलो तर दंड: एका पालकाला एका मुलामागे 80 पौंड, दोन पालक, दोन मुलं, 320 पौंड, तेही वेळेत भरले तर. आकाशकंदील आमचा बसच्या रस्त्यावर लावला होता. शेजारी म्हणाले, हॅलोवीनची सुरुवात लवकर केलीत.

तर सगळं असं चाललेलं असताना नोव्हेंबरात ग्रुप पेटला. 2027 च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम करायचं आणि त्यासाठी सुमारे 1,800 झाडं काढायची, असा महापालिकेचा प्रस्ताव आला. हरकती मागवल्या गेल्या, नाशिककर रस्त्यावर उतरले, अभिनेते सयाजी शिंदेही झाडांच्या बाजूनं बोलले. ग्रुपवर दोन तट. एक म्हणे सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, झाडं दुसरीकडे लावू. दुसरा म्हणे, साधूंना सावली नको का?

माझ्या तपोवनाला हात? मी तीन दिवस धारेवर धरलं सगळ्यांना. लिहिलं की इथे उत्तर इंग्लंडातलं सिकॅमोर गॅपचं एक प्रसिद्ध झाड, एकच, तोडलं म्हणून याच जुलैत दोघांना चार वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. एका झाडाला सव्वाचार वर्षं! तुम्ही 1,800 चा हिशेब करा. टाळ्या पडल्या. नवरा मागून फोनमध्ये डोकावत म्हणाला, "आणि शेफिल्डचं लिही ना." शेफिल्डच्या कौन्सिलनं रस्त्यांच्या कामात हजारो झाडं पाडली होती, त्यातली कितीतरी धडधाकट होती, आणि ती वाचवायला उभ्या राहिलेल्या नागरिकांना कोर्टात खेचलं होतं. मला ते माहीत होतं. मी नाही लिहिलं.

आणि तेवढ्यात तो मित्र, मॉल-नाहीतर-मिसळवाला, त्यानं फोटो टाकला. तपोवनातलं एक जाडजूड झाड, त्याची मुलगी त्याला मिठी मारून उभी, तिचे हात निम्म्यापर्यंतही पोचत नव्हते. खाली लिहिलं होतं, "सलग तिसरा रविवार." आणि मग मला उद्देशून: "तू शेवटची कधी गेली होतीस गं इथं?"

2019 साली आम्ही नाशकात पंधरा दिवस होतो. मुलांना उकडत होतं म्हणून मॉलमध्ये गेलो, दोनदा. मिसळ खाल्ली, तीनदा, तर्रीचा फोटो काढून. तपोवन पुढच्या वेळी म्हटलं. त्याआधी मागे मागे जात मी 2003 पर्यंत पोचले. त्या सिंहस्थात मैत्रिणींबरोबर साधू बघायला गेले होते, गर्दीत चप्पल हरवली, अनवाणी पंचवटीपर्यंत आले. बावीस वर्षं. मी ज्या झाडांसाठी सिकॅमोर गॅपपर्यंत धावत गेले, त्यांतलं एकही मला ओळखता आलं नसतं. बहुतेक मी गेल्यानंतरच ती वाढलेली असणार.

खरं तेच लिहिलं: "2003." त्यानं हसण्याची खूण पाठवली नाही. हरकतीचा नमुना पाठवला. नाव, पत्ता, हरकतीचं कारण.

यादीतलं शेवटचं कलम अजून फ्रिजवर आहे. 'फॉर्म' म्हणजे नागरिकत्वाचा. इथली परीक्षा, 24 प्रश्न आणि 45 मिनिटं, मी तीन वर्षांपूर्वीच पास झाले. आठव्या हेन्रीच्या सहा बायका पाठ आहेत. पण भारत दोन नागरिकत्वं मानत नाही, हे घेतलं की ते परत करावं लागतं, आणि तीन पानगळी झाल्या तरी त्या फॉर्मचं पहिलं पान काही माझ्या हातून भरून होत नाही. तिथे कारण असं काही नाही. मनात मात्र दर वर्षी वेगळं कारण असतं, यंदाचं होतं की चकलीचं पीठ भिजवायचंय.

महापालिकेचा नमुना मी दहा मिनिटांत भरला. नाव लिहिलं, माहेरचं. कारणात शेंगा, खडक, वडिलांची चेतक असलं काही न घालता सावली आणि नदीकाठची माती एवढंच लिहिलं. पत्त्यापाशी अडले. पंचवटीतलं आमचं घर विकून नऊ वर्षं झाली, भाऊ बंगळुरूला आहे. रेडिंगचा पत्ता टाकला तर हे कोण, असं कुणीही विचारेल, आणि बरोबरच विचारेल.

मित्राला फोन लावला. त्याच्याकडे रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी म्हटलं, पत्ता काय टाकू?

"माझा टाक," तो म्हणाला. "पण पिन कोड नीट लिही, तुम्ही लोक विसरता."

"422003," मी म्हटलं.