वेलकम म्हणा ना, काका!

भाजीबाजारात घासाघीस करायची तर चेहरा कोरडा ठेवावा लागतो. भाव ऐकला की भुवया वर न्यायच्या, 'च्च' करायचं, पिशवी सावरायची आणि दोन पावलं पुढे टाकायची. मागून "या हो भाऊ, तुम्ही किती देता?" आलं की मगच वळायचं. वाडवडिलांपासून चालत आलेली ही विद्या आमच्या साडेतीन वर्षांच्या कन्येने एका शब्दात बुडवली.

शब्द आम्हीच शिकवला. म्हणजे महिनोन् महिने शिकवत होतो. आजीने लाडू दिला, काय म्हणायचं? "अजून." शेजारच्या काकूंनी पेरू कापून दिला, काय म्हणायचं? "मीठ." बायकोने कुठूनतरी माहिती काढली की अमेरिकेत ग्रीफ आणि ग्लीसन या दोघींनी 1980 साली यावर अभ्यास केला होता. हाय, बाय आणि थँक्यू या तिन्हींत थँक्यूच मुलं आपणहून सगळ्यांत कमी म्हणतात, आईबापांना ते मागे लागून वदवून घ्यावं लागतं. तिकडची कार्टीही अशीच, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. त्याच अभ्यासात, मुलांसमोर स्वतः थँक्यू म्हणण्यात बाप आयांच्या मागे होते असंही निघालं. हे वाक्य बायकोने दोनदा वाचून दाखवलं.

आणि मग एक दिवस गिरणीत ते आपसूक उगवलं. गिरणीवाल्याने दळणाचा डबा पुढे सरकवला. कन्येच्या नाकाच्या शेंड्याला पीठ, एका पायातली चप्पल उलटी. मान वर करून म्हणाली, "तँक्यू, काका." घरघरीत त्याला काही ऐकू गेलं नाही. मीच ओरडलो, "अहो, थँक्यू म्हणतेय ती!" पोरगी बोर्डात पहिली आल्याच्या थाटात. गिरणीवाल्याने माझ्याकडे बघून चक्कीचा आवाज थोडा कमी केला. मी परत सांगितलं. घरी येऊन आजीला सांगितलं, रात्री पुण्याला बहिणीला फोन करून सांगितलं.

तिथून पूर आला. आमच्या नाशिकच्या मेहेर सिग्नलला दिवा हिरवा झाला, तँक्यू. लिफ्टचं दार उघडलं, तँक्यू. आजी प्रत्येक घासाला तँक्यू ऐकून आधी विरघळली, मग दहाव्या घासाला "गप जेव" म्हणाली. त्यालाही तँक्यू.

इथवर सगळं गोडच होतं. पण बालवाडीत कोणीतरी तिला या व्यवहाराची दुसरी बाजू शिकवली. आपण थँक्यू म्हटलं की समोरच्याने वेलकम म्हणायचं. झालं! आता वेलकम वसूल झाल्याशिवाय बाई जागची हलत नाहीत. नवश्या गणपतीला पुजारीबुवांनी तीर्थ दिलं, त्यांच्याकडून वेलकम मिळालं. मग तिने गाभाऱ्याकडे तोंड करून तँक्यू म्हटलं आणि वाट बघत उभी राहिली. मागे रांग. शेवटी मी आवाज बदलून गणपतीच्या वतीने वेलकम म्हटलं. पुजारीबुवा हसले नाहीत. मला तर ते थोडे दुखावलेलेच वाटले.

सिटीलिंकच्या बसमधून उतरताना तिने कंडक्टरला तँक्यू केलं. कंडक्टर तिकिटाच्या मशीनमध्ये गुंतलेला. ही पायरीवर दांडा धरून उभी. "वेलकम म्हणा ना, काका!" ड्रायव्हर आरशातून बघतोय, मागे हॉर्न वाजतायत, आणि खिडकीतून एक आजोबा कडाडले, "अहो म्हणून टाका की, तिकडं माझी पेन्शनची वेळ चाललीय!" कंडक्टरने म्हटलं. म्हटलं ते असं, की तिकीट नसलेल्याला पकडलंय. हिला चाललं.

पण खरी कसोटी गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात. (गोदावरीला गंगा न म्हणणारा नाशिककर मला अजून भेटायचा आहे.) गिलकी चांगली कोवळी होती. मी नेहमीचा दगडी चेहरा लावला.

"कशी दिली, मावशी?"

"वीस रुपये पाव."

माझी भुवई अजून अर्ध्यावर होती, तेवढ्यात खालून आवाज आला, "तँक्यू, मावशी!"

मावशींनी गिलकी थेट तागडीत टाकली. "घ्या. मालकीणबाईंनी भाव पास केला."

"अहो, पंधराला लावा—"

"तँक्यू!" कन्येने जोर लावला.

"वेलकम गं माझी माय," मावशी म्हणाल्या आणि खूश होऊन तिच्या हातात एक गाजर ठेवलं. अर्थात तँक्यू. त्यावर वेलकम, वर एक काकडी. काकडीला तँक्यू. मावशींनी शेजारणीला हाक मारली, "ए, इकडं बघ, पोरगी कशी बोलती!" शेजारीण कोथिंबिरीची काडी घेऊन आली. मी पिशवीचं तोंड उघडं धरून उभा. दोन पावलं पुढे टाकायची सोयच नव्हती, बाजू बदललेला माणूस माझं बोट धरून होता. गिलकी विसानेच गेली, वर लाजेकाजेस्तव वाटाणेही घेतले, तेही त्या म्हणतील त्या भावाने. आणि खोटं कशाला बोलू, त्या चार बायका माझ्या पोरीभोवती कौतुकाने उभ्या असताना मला तिथून हलावंसंच वाटत नव्हतं. कोणी विचारलं असतं तर गिलक्यांचे तीस दिले असते.

त्याच भरात पुढच्या लिंबूवाल्याकडे गेलो. दहाची लिंबं घेतली, पन्नासची नोट पुढे केली आणि बायकोचं ते दोनदा वाचलेलं वाक्य आठवून अगदी मान लववून म्हणालो, "थँक्यू, दादा."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"थँक्यू राहू द्या. सुट्टे द्या."