जुना एक्स्पी, प्रीफेच आणि एक सैल केबल : आपल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

विंडोज एक्स्पी असलेला जुना संगणक कसा सांभाळावा, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, २०१४ साली जिचा आधार (म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या) संपला ती प्रणाली वापरायला सांगणे हा बेजबाबदारपणा आहे, त्यापेक्षा लिनक्स ही दुसरी, मोफत प्रणाली टाकावी. आणि लेख लिहायचाच होता, तर प्रीफेच फोल्डर रिकामा करणे व रजिस्ट्री क्लीनर चालवणे हे खरे उपाय मी वगळायला नको होते. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्या उपायांनी वाचकांचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते.

प्रीफेच हा कचरा नव्हे. एखादा प्रोग्राम सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत कोणत्या फाइलींचे कोणते भाग वाचतो, याची नोंद एक्स्पी त्या फोल्डरमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी ते भाग एकत्र वाचून घेते. नोंदींची संख्या १२८च्या आसपास गेली की जुन्या नोंदी प्रणाली स्वतःच काढून टाकते. फोल्डर रिकामा केल्यावर संगणक वेगवान झाल्यासारखा वाटत असला, तरी पुढच्या एक-दोन वेळा प्रत्येक प्रोग्राम उलट सावकाशच उघडतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग्ज जेथे नोंदवतात तो साठा; तो साफ करणाऱ्या रजिस्ट्री क्लीनरचे तर याहून वाईट आहे. हजारभर निरुपयोगी नोंदी गेल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, मात्र एखादी कामाची नोंद गेली तर वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम पुन्हा बसवायला त्याची सीडी मिळणेही मुश्कील असते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. माझ्या मामांचा मिरजेत छापखाना आहे. तेथील संगणकात ५१२ एमबी रॅम आणि ४० जीबीची हार्ड डिस्क असून लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रके हे सारे काम पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या प्रोग्राममध्ये चालते. ऐन लग्नसराईत तो संगणक इतका मंदावला की पेजमेकर उघडायलाच चार मिनिटे लागू लागली. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी प्रीफेच रिकामा केला, दोन क्लीनर चालवले आणि आता नवीन घ्या, असे सांगून ते गेले. मी पाहिले तेव्हा मोठी फाइल कॉपी करताना माउसचा बाणसुद्धा अडखळत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या (हार्ड डिस्क ज्या मार्गाने संगणकाला जोडलेली असते त्याच्या) प्रॉपर्टीज उघडून ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज पाहिल्या, तर जेथे अल्ट्रा डीएमए हा माहिती वाहून नेण्याचा वेगवान मोड दिसायला हवा तेथे पीआयओ हा जुना, संथ मोड लिहिलेला होता.

याचे कारण एक्स्पीच्या रचनेत आहे. डिस्कशी होणाऱ्या देवाणघेवाणीत वारंवार चुका झाल्या की एक्स्पी डिस्कचा वेग एकेक पायरी खाली आणते आणि अखेर पीआयओवर येऊन थांबते. त्या मोडमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त १६.६ एमबी माहिती वाहते (अल्ट्रा डीएमए ५ची मर्यादा १०० एमबी आहे) आणि ती वाहण्याचे ओझेही प्रोसेसरवरच पडते. मामांच्या संगणकात डिस्कची चपटी केबल सैल झाली होती. आधी सर्व माहितीची प्रत काढली, कारण अशा चुका मरणपंथाला लागलेल्या डिस्कच्याही असू शकतात. मग केबल घट्ट बसवली, तो चॅनल अनइन्स्टॉल केला आणि संगणक पुन्हा सुरू केला. एक्स्पीने चॅनल स्वतःहून परत ओळखला, अल्ट्रा डीएमए मोड परत आला आणि पेजमेकर अर्ध्या मिनिटात उघडू लागला. ही तपासणी मूळ लेखात यायला हवी होती; आता ती घातली आहे.

दृश्य परिणाम (पडद्यावरच्या सावल्या, सरकत्या खिडक्या अशी सजावट) बंद करण्याच्या माझ्या लेखातील सूचनेलाही आपण वरवरची म्हटले आहे. बेस्ट परफॉर्मन्स हा पर्याय डोळे मिटून निवडला तर तसे म्हणता येईल, कारण त्याने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची सोयही बंद पडते आणि लहान आकारात मराठीतील वेलांटी, रफार व जोडाक्षरे तुटक दिसू लागतात. म्हणून कस्टम निवडून तेवढी एक खूण ठेवावी, बाकीच्या काढाव्यात आणि सपाट पडद्याच्या मॉनिटरवर अक्षरे अधिक स्पष्ट दाखवणारी क्लिअरटाइप ही सोय सुरू करावी. दिवसभर प्रुफे पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. बिघाड झाल्यास संगणक आधीच्या स्थितीत नेणारी सिस्टिम रिस्टोअर ही सोयही पूर्ण बंद करू नये. मोठ्या डिस्कवर ते १२ टक्क्यांपर्यंत जागा घेऊ शकते, म्हणजे ४० जीबीत जवळजवळ पाच जीबी. ते प्रमाण चार टक्क्यांवर आणले तरी परतीची वाट शिल्लक राहते.

सुरक्षिततेबाबत मात्र आपण बरोबर आहात. जपून इंटरनेट वापरावे, असे मी लिहिले होते. ते वाक्य अपुरे होते आणि मी ते बदलले आहे. एक्स्पीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम पसरल्यावर मायक्रोसॉफ्टने एक्स्पीसाठी अपवाद म्हणून दुरुस्ती दिली, परंतु अपवादांवर विसंबून राहता येत नाही. असा संगणक इंटरनेटला जोडूच नये, पेन ड्राइव्ह आधी नव्या संगणकावर तपासून मगच लावावा आणि ऑटोरन (पेन ड्राइव्ह किंवा सीडी लावताच त्यावरील प्रोग्राम आपोआप चालवण्याची सोय) बंद ठेवावे.

घरच्या, बँकेच्या किंवा पत्रव्यवहाराच्या संगणकावर लिनक्स टाकावे, हा आपला सल्ला मलाही मान्य आहे. छापखान्याचा प्रश्न वेगळा आहे. तेथील वीस वर्षांच्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी चालणारी युनिकोड ही अक्षरपद्धती रूढ होण्याआधीच्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. तो मजकूर युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासण्याचे काम मामांनी सुरू केले आहे, पण ते संपेपर्यंत हा संगणक चालता राहणे भाग आहे.

आपला स्वतःचा संगणक प्रीफेच रिकामा करूनही सुरू व्हायला सहा मिनिटे घेतो, असे आपण शेवटी लिहिले आहे. प्रायमरी आयडीई चॅनलची नोंद पाहून कृपया येथेच कळवावे. पीआयओ दिसल्यास आधी माहितीची प्रत काढावी, मगच केबलला हात लावावा.